भूमिबाबांची विश्वासार्हता शून्य पूर्णांक दोन शतांश

शी-वेई,
२८ जून

तीर्थरूप मामांना शुई-शेंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपल्याकडे म्हणतात, वर आभाळातला देव मोठा आणि खाली जमिनीवर मामा मोठा. लग्नाच्या मेजवानीत मामा जागेवर बसल्याशिवाय कुणी जेवणाच्या काठ्यांना हात लावत नाही. तेव्हा आधी तुमची चौकशी आणि मग माझा संताप, असा क्रम मी ठरवून बसलो आहे. डावा गुडघा कसा आहे? काओश्युंगची दमट हवा त्याला मानवत नाही असं तुमच्या लेकीने, शू-च्वानने, दोनदा कळवलं, पण पहाटे बंदरावर गळ टाकून बसणं तुम्ही सोडलेलं नाही हेही तिनेच कळवलं. (मासा लागत नाही, असंही म्हणाली. तो भाग मी आईला सांगितला नाही.) आई इकडे ठणठणीत आहे. तिने तुमच्यासाठी वाळवलेले बांबूचे कोंब बांधून ठेवले आहेत आणि ते पोस्टाने पाठवायचे नाहीत, भावाने येऊन न्यायचे, असा तिचा हट्ट आहे. मी त्यात पडलो नाही.

मामा, मी रागावलो आहे. आज सकाळी भूमिबाबांपुढे उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकलो, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिलो, तरी राग गेला नाही. मग म्हटलं लिहून काढावा. हा राग तुमच्यावर नाही (निदान या पानावर तरी नाही), आणि तुमच्याकडून मला काही नकोही आहे. भाचा मामाला पत्र लिहितो आहे, इतकंच समजा.

दर गुरुवारी दुपारी भूमिबाबांच्या देवळाच्या पडवीत मी म्हाताऱ्या मंडळींचा अक्षरवर्ग घेतो, हे तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षं झाली. वर्गात एकेचाळीस जण आहेत, त्यातली सगळ्यात लहान सदुसष्ट वर्षांची. (आई येत नाही. "ज्याला मी नाक पुसायला शिकवलं त्याच्यापुढे पाटी घेऊन बसू?" असं ती म्हणते.) तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. ज्या प्रौढवर्गाच्या प्रमुखाकडे या विषयातली वरची पदवी नाही, तो वर्ग यंदाच्या एकतीस जुलैनंतर बंद होईल आणि मंडळींना खालच्या तालुक्याच्या केंद्रात सामावून घेतलं जाईल. तालुक्याचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे गार हवा आहे आणि चाकांच्या खुर्च्या आहेत. एकेचाळीस जणांतले बारा एकदा पाहून आले. आ-मान मावशी (अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वर्गाच्या मॉनिटर, तुम्ही ओळखता) त्या खुर्चीवर बसल्या आणि खुर्ची त्यांना घेऊन भिंतीपर्यंत गेली. परत आल्यावर म्हणाल्या, "शुई-शेंग, तिथे शिकायचं म्हणजे आधी गाडी चालवायला यायला हवी. तू काय ती पदवी असेल ती घेऊन ये." आता गावातून खाली दिवसाला दोनच बस जातात आणि मंडळींचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत. वर्ग खाली गेला तर वर्ग संपला, हे मला कळत होतं. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी शहरातल्या विद्यापीठात नाव घातलं. शिक्षणातलं नेतृत्व आणि प्रौढांचं शिक्षण. शनिवार-रविवार वर्ग.

तिथे काय काय झालं ते सगळं लिहीत नाही, कागद पुरणार नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला वर्तुळात उभं करून एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकायला लावला. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने आपलं नाव आणि आवडतं फळ सांगायचं. मी पन्नाशीला आलेला माणूस, शाळेत एकवीस वर्षं शिकवलेलं, आणि पोटाला लोकर गुंडाळून "पेरू" म्हणतो आहे. नंतर आमच्या नेतृत्वाची चाचणी झाली. साठ प्रश्नांवर खुणा केल्या की संगणक आपण कसले नेते आहोत ते सांगतो. मला त्याने सांगितलं, तुम्ही 'दिशा देणारे' आहात. मला बरं वाटलं. माझ्या शेजारच्या मुख्याध्यापिका बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की हे कौतुक नाही. मग प्रौढांचं शिक्षण. त्याचं पहिलं सूत्र असं, की प्रौढ माणसाला आपण काय शिकवावं हे आधी त्याला विचारावं. हे सूत्र मी तीन वर्षांत चौदा उत्तरपत्रिकांत लिहिलं आणि चौदाही वेळा मला उत्तम गुण मिळाले. खरं सांगतो मामा, या वाक्याचा आ-मान मावशींशी काही संबंध असेल अशी मला शंकाही आली नाही.

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापक हान. छत्तीस वर्षांच्या, बारीक, जलद बोलणाऱ्या. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला को सर म्हणतात, आणि दोघांनाही ते अवघड जातं. त्यांनी सांगितलं, तुमच्या वर्गावरच प्रबंध लिहा, प्रश्नावली करा. मी दोन महिने खपून छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली केली. प्रत्येक प्रश्नासमोर पाच रकाने, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. मधला रकाना 'सांगता येत नाही'. पण नुसती प्रश्नावली करून भागत नाही. आधी संशोधनातल्या सचोटीचा सहा तासांचा अभ्यास संगणकावर करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. (मी देवापुढे वाढलेला माणूस. सचोटीचं प्रमाणपत्र छापून आलं तेव्हा मला लाज वाटली आणि मी ते ड्रॉवरच्या तळाशी ठेवलं.) त्यात एक नियम असा की उत्तरं लिहिताना संशोधकाने खोलीत थांबायचं नाही. तुम्ही समोर असलात की माणसं तुमच्या भिडेने लिहितात.

म्हणून एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी कागद वाटले आणि नियमाप्रमाणे सांगितलं, यात बरोबर उत्तर असं काही नाही. एकमेकांना विचारायचं नाही. मला विचारायचं नाही. कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. आणि मी बाहेर देवळामागच्या झाडाखाली जाऊन बसलो. आतून लाकडाचा टकटक आवाज येत राहिला. मला वाटलं बाकं सरकवून एकमेकांपासून लांब बसत आहेत. मंडळी नियम किती मनावर घेतात, या विचाराने माझे डोळे ओलावले होते, हेही लिहून ठेवतो. तास-दीड तासाने आ-मान मावशी एकेचाळीस कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. एकही रकाना रिकामा नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम होता.

ते आकडे मी स्वतः संगणकात भरले, तीनदा तपासले आणि हान बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "को सर, दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात एकही खूण नाही."

मी म्हटलं, "आमच्याकडची माणसं स्पष्ट बोलणारी आहेत, बाई."

"बरोबर निम्मी उत्तरं पूर्ण सहमत. पाव सांगता येत नाही. पाव पूर्ण असहमत. प्रत्येक प्रश्नाला हेच. हे लोक नाणी उडवत होते का?"

"देवळात नाणी कशी उडवतील, बाई?" मी जरा दुखावूनच म्हटलं.

मग त्यांनी एक कळ दाबली आणि एक आकडा आला. प्रश्नावली किती भरवशाची आहे ते त्यावरून कळतं. तो सात दशांशच्या वर हवा. माझा आला शून्य पूर्णांक दोन शतांश. बाई म्हणाल्या, एवढा कमी आकडा त्यांनी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "एक सतरावा सोडून. सतराव्या प्रश्नाला एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी मधली खूण केली आहे. यात हा एकच प्रश्न जिवंत आहे." सतरावा प्रश्न असा होता: 'वर्गाचे प्रमुख माझं म्हणणं ऐकून घेतात.' मी मनात म्हटलं, मध्यम. मध्यम म्हणजे वाईट नाही.

घरी न जाता मी थेट आ-मान मावशींच्या बागेत गेलो. त्या आलुबुखारे उतरवत होत्या. मी विचारलं, कागद कसे भरलेत? त्या शिडीवरूनच बोलल्या.

"तू म्हणालास ना, एकमेकांना विचारायचं नाही?"

"म्हणालो."

"तुला विचारायचं नाही?"

"म्हणालो."

"आणि निघून गेलास. मग त्या खोलीत उरलं कोण?" आणि त्यांनी हनुवटीने देवळाकडे खूण केली.

त्यांनी कौल लावला होता, मामा. देवळात कौलाच्या लाकडी चंद्रकोरींच्या सहा जोड्या आहेत, सहाच्या सहा जोड्या दीड तास जमिनीवर पडत होत्या. एक कोर पालथी, एक उताणी, म्हणजे होकार: पूर्ण सहमत. दोन्ही पालथ्या, म्हणजे नकार: पूर्ण असहमत. दोन्ही उताण्या, म्हणजे देव हसला: सांगता येत नाही. कॉपी करायची नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र कौल लावला. ल्यू आजोबा (आता त्र्याऐंशीचे आहेत) एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. मी म्हटलं, मावशी, त्यात तुमच्या मनातलं लिहायचं होतं. त्यावर, लहानपणी मी त्यांची फुलकोबी पायाखाली तुडवली होती तेव्हा पाहिलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर उत्तर नाही असं तूच म्हणालास. ज्याला बरोबर उत्तर नाही ते माणसाला विचारतात का रे? ते त्यालाच विचारतात."

आता माझी अवस्था बघा. बाई म्हणत होत्या, हे सगळं फेकून द्या आणि परत भरून घ्या. मी वर्गाला तसं सांगितलं तर ल्यू आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "उदबत्ती लावून विचारलं आणि त्याने सांगितलं. आता परत विचारायचं म्हणजे तो पहिल्यांदा खोटं बोलला असं म्हणायचं. तू म्हणतोस का? मग आधी तू म्हण, आम्ही मागून म्हणतो." मी कसा म्हणेन? ज्याला मी रोज सकाळी हात जोडतो, त्याच्या शब्दांवर विद्यापीठाच्या कागदावर छापून आलं आहे, विश्वासार्हता शून्य पूर्णांक दोन शतांश. तो कागद मी घरी आणला तेव्हा देवाच्या टेबलावर ठेववेना, जेवणाच्या टेबलावर ठेववेना, शेवटी स्कूटरच्या डिकीत ठेवला. एकीकडे मंडळी चुकली असं म्हणावं तर नियम मीच सांगितला होता. दुसरीकडे बाई चुकल्या म्हणावं तर त्यांनी देवळाचं तोंडही न बघता होकार निम्मे, हसू पाव आणि नकार पाव हे अचूक ओळखलं होतं. मला तर क्षणभर त्याच सिद्ध पुरुष वाटल्या.

आणि वर सतरावा प्रश्न. मी मावशींना म्हटलं, सतराव्याला देव एकेचाळीसही वेळा कसा हसला? त्या शिडीवरून खाली आल्या. टोपली माझ्या हातात दिली. "सतराव्याला कौल नाही लावला. ल्यू आजोबांनी वाचला आणि आम्ही सगळेच हसलो. म्हटलं, एवढ्याशासाठी त्याला कशाला तसदी. हसू म्हणजे मधला रकाना, हे ठरलेलंच होतं."

मामा, सहा वर्षं. पावसात, वादळात, तापात मी त्या पडवीत उभा राहिलो आहे. एक गुरुवार चुकवला असेल, तोही शाळेत भूकंपाची कवायत होती म्हणून. आणि ही मंडळी, ज्यांच्यासाठी मी पोटाला लोकर गुंडाळून घेतली, ती हसली. मी हान बाईंना सांगितलं, मला वाटलं त्या तरी चिडतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "पस्तीस प्रश्न देवाला विचारले, ते देवाचे, त्यांना आपण हात लावायचा नाही. सतरावा तुमचा. एकेकाच्या घरी जा, का हसलात ते विचारा. रेकॉर्डर लावा. आणि को सर, मध्ये बोलू नका." हा तोडगा देवालाही मान्य होण्यासारखा होता, म्हणून मी गेलो. पहिली मुलाखत ल्यू आजोबांची, चाळीस मिनिटांची. बाईंनी ती ऐकून मोजलं, त्यात एकतीस मिनिटं मी बोललो होतो. उरलेल्या नऊ मिनिटांत आजोबा चारदा "बरोबर आहे" म्हणाले होते आणि मग झोपले होते. बाईंनी मला परत पाठवलं.

दुसऱ्या खेपेला मी तोंडात सुकवलेली आवळ्याची फोड ठेवून गेलो, म्हणजे बोलता येऊ नये. असे एकेचाळीस जण मी तीन आठवड्यांत ऐकले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खऱ्या अक्षरांआधी शिकवायच्या सदतीस उच्चारचिन्हांपैकी सहा वर्षांत मी एकतिसाव्यापर्यंत पोचलो आहे. आलुबुखाऱ्याच्या दिवसांत निम्मे जण गैरहजर असतात, मग मी पाया कच्चा राहू नये म्हणून सगळ्यांना पहिल्या चिन्हापासून परत सुरू करतो. दर वर्षी. आ-मान मावशींना सहा वर्षं एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या फळांच्या पेट्यांवर व्यापारी अजून त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहितो. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं होतं. तीन अक्षरं. "तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मी काय म्हणालो होतो? "तू म्हणालास, आधी पाया." मी आवळा चावला.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. प्रबंधात लिहिता येतं असलं, हान बाई तर खूश होत्या. पण त्यांनी मध्येच एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या मंडळींना अजून चिन्हंच चालू आहेत, मग ल्यू आजोबांनी छत्तीस प्रश्न मोठ्याने वाचले कसे? मला हे कधी सुचलंच नव्हतं, मामा. मी परत गेलो. आजोबा उन्हात पाय शेकत बसले होते. म्हणाले, "बसमध्ये शिकलो."

आता या पानावरचा राग तुमच्यावर आहे.

सकाळी सहा दहाची घाटातली बस, चालक तुम्ही, समोर काचेवर गावांच्या नावांची पाटी. कुणी दारात उभं राहून विचारलं, बस शी-वेईला जाते का, की तुम्ही सरळ उत्तर द्यायचं नाही. "पाटी वाच." वाचता येत नाही म्हटलं की, "बघता तर येतं? उतर खाली, बघ. ज्या अक्षराच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसतील ते आपलं." आणि त्या माणसाने पाटीवर बोट ठेवेपर्यंत तुम्ही दार लावायचं नाही, मागे सगळी बस ओरडत असो. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. पाट्या संपल्यावर आतल्या जाहिराती, पोटदुखीच्या औषधाची, बियाण्यांची. 'चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये' ही सूचना ल्यू आजोबा दोन महिन्यांत शिकले, रोज घाटभर चालकाशी बोलत बोलत. मी एकेचाळीस जणांना विचारत गेलो, पहिलं अक्षर कुठे शिकलात? एकोणीस जणांनी तुमचं नाव घेतलं. एकोणीस. तुम्ही सहावीनंतर शाळा सोडलेली. तुमच्याकडे पाठाचं नियोजन नव्हतं, मूल्यमापन नव्हतं, पाया तर नव्हताच. तुमच्याकडे गिअर होता. मी तीन वर्षं ज्याच्यावर निबंध लिहिले ते तुम्ही क्लच दाबून करत होतात, आणि एका शब्दाने कधी बोलला नाहीत. ही सरळ माणसाची वागणूक आहे का?

बावीस जूनला तोंडी परीक्षा झाली. तीन परीक्षक. आमच्याकडे चहा, फळं आणि जेवणाचे डबे विद्यार्थ्यानेच मांडायचे असतात. मावशींनी पेरू पाठवले होते. पेरू देवाला चालत नाहीत तर परीक्षकांना कसे चालतील, असं म्हणून आईने ते काढून केळी आणि संत्री ठेवली. (केळी, आलुबुखारे आणि नासपती एकत्र ठेवू नयेत, हेही तिने दोनदा बजावलं. ती स्वतः आली असती तर पदवी तिलाच मिळाली असती.) मी चाळीस मिनिटं बोललो. कोपऱ्यातल्या पांढऱ्या केसांच्या परीक्षकांनी संत्र सोलत सोलत विचारलं, "हे सगळं ऐकल्यावर तुम्ही काय बदललंत?"

मी म्हटलं, "मला फार काही समजलं, सर."

"समजलं ते वाचलं मी. बदललं काय?"

मी त्यांच्यापुढे आणखी एक संत्र सरकवलं. हान बाई खाली बघत होत्या. शेवटी उत्तीर्ण असं लिहिलं, पण एका अटीवर. एकतीस जुलैच्या आत एक गुरुवार मंडळी सांगतील तसा चालवायचा, अगदी तसाच, आणि त्याचं वर्णन पाचव्या प्रकरणात घालायचं. त्याशिवाय सह्यांचं पान मिळणार नाही. सह्यांचं पान नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर ऑगस्टपासून चाकांच्या खुर्च्या.

काल गुरुवारी मी वर्गापुढे उभा राहिलो आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय हवं ते सांगा, मी तसं करीन. मंडळी आधी एकमेकांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता परत कोरी काढतात. पण नाही. पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते, मग एकदम थांबले, आणि आ-मान मावशींनी उठून काय ते सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी रागावलेला आहे. आई म्हणते, तुला राग आलेला नाही, तुझं नाक कापलं गेलं आहे, आणि त्यावर मिरीचं सूप घे. घेतलं. फरक नाही.

असो. शू-च्वानला आशीर्वाद सांगा. गुडघ्याला रात्री आल्याचा लेप लावत जा. समुद्रावर वारा असेल तेव्हा टोपी विसरू नका. भूमिबाबा तुमच्या वाटेवर असोत.

तुमचा भाचा,
शुई-शेंग

ता. क. मंडळींनी तुम्हाला मागितलं आहे. मावशींचे शब्द जसेच्या तसे देतो (सचोटीचं प्रमाणपत्र आहे): "एक गुरुवार तुझा मामा आण. तू मागच्या बाकावर बस आणि चहाची किटली सांभाळ." मामा, अठरा जुलैचा गुरुवार धरून या. तुमच्याकडून काही नको असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही, पान खराब दिसेल. पण तुम्ही आला नाहीत तर वर्ग गेला. मी याबद्दल कौल लावलेला नाही. तुम्हालाच विचारतो आहे.

ता. क. दुसरा. तयारी काही करू नका. काय शिकवणार तेही कळवू नका, कळवलंत तर मी त्यात दुरुस्त्या सुचवीन. मावशी फळांची एक रिकामी पेटी आणि ब्रश घेऊन येणार आहेत, ल्यू आजोबा तुमच्याशी भांडायला येणार आहेत, बाकीच्यांचं माहीत नाही. मी आवळे घेऊन ठेवले आहेत. हान बाई पण यायचं म्हणत आहेत. त्यांना दाराजवळची जागा देऊ, त्या मोजतात.

ता. क. तिसरा. बसमध्ये पहिलं अक्षर शिकलेल्यांचा आकडा वर एकोणीस लिहिला आहे. प्रबंधात मी तो वीस असा दिला आहे. परवा हान बाईंनी विचारलं, मुलाखतींत तर एकोणीसच सापडतात, विसावा कोण? मी म्हटलं, त्याचं नाव गुप्त ठेवायचं ठरलं आहे. त्या वेळी तुमच्या बसमध्ये त्याचे पाय सीटवरून खाली टेकत नव्हते, आणि पुढच्याच वर्षी शाळेत गेल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की हे अक्षर आपण आपल्याआपणच शिकलो.